कागदी गुंडाळ्यांचे शुभेच्छापत्र : साहित्य, कृती आणि हिशेब

कागदाची अरुंद पट्टी सुईभोवती गुंडाळायची, ती गुंडाळी बोटांनी दाबून तिला हवा तो आकार द्यायचा आणि असे अनेक आकार जाड कागदावर उभ्या कडेने चिकटवून चित्र साधायचे, एवढेच क्विलिंगचे तंत्र आहे. ते एका दुपारी शिकता येते. हात बसण्यास मात्र काही आठवडे लागतात. बारामती-इंदापूर परिसरात घरबसल्या शुभेच्छापत्रे करू इच्छिणाऱ्यांना दोन प्रश्न हमखास पडतील. कागद कोणता घ्यावा आणि कष्टाचे मोल मिळेल काय?

ही कला मूळची युरोपातील. तेथील मठांमध्ये जोगिणी सोनेरी कडांच्या कागदी पट्ट्या गुंडाळून धार्मिक वस्तू सजवीत असत. खऱ्या सोन्याचांदीच्या तारकामाची हौस कागदावर भागवली जाई. पक्ष्याच्या पिसाच्या देठाभोवती पट्टी गुंडाळण्याच्या प्रथेवरून तिला क्विलिंग हे नाव पडले, असे मानले जाते. अठराव्या शतकात इंग्लंडमधील सुखवस्तू घरांतील स्त्रियांचा तो आवडता विरंगुळा झाला. जेन ऑस्टिनच्या १८११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ या कादंबरीत एका लहान मुलीसाठी अशी कागदी टोपली तयार करण्याचा प्रसंग आहे.

कागद कोणता?

योगायोग असा की, कागदाचा एक मोठा कारखाना इंदापूर तालुक्यातच आहे. पुणे-सोलापूर मार्गावरील भिगवणजवळचा हा कारखाना इंडोनेशियाच्या सिनार मास समूहाने उभारला आणि २००१ मध्ये तो बल्लारपूर इंडस्ट्रीजकडे आला. छपाईसाठी लागणारा गुळगुळीत, लेप दिलेला कागद ही त्याची ओळख. मासिकांच्या पानांना आणि छापील कार्डांना असाच कागद लागतो. क्विलिंगला मात्र तो उपयोगाचा नाही. वळवताना त्यावरील लेपाला बारीक भेगा जातात आणि पाण्यात मिसळणारा डिंक त्यावर नीट धरत नाही. घरी पडलेली चकचकीत मासिके कापून पट्ट्या करण्याचा मोह म्हणूनच आवरावा.

गुंडाळ्यांसाठी लेप नसलेला, दोन्ही बाजूंनी रंगीत आणि १०० ते १२० ग्रॅम वजनाचा कागद उत्तम. शुभेच्छापत्रासाठी पट्टीची रुंदी तीन मिलिमीटर पुरते. पाच मिलिमीटरची पट्टी नवशिक्यांना हाताळण्यास सोपी जाते, पण कार्ड जाड होते. तयार पट्ट्यांची पाकिटे बाजारात मिळतात. घरी कापायच्या असल्यास कागद आधी आडवा आणि मग उभा हलकेच वाकवून पाहावा. एका दिशेने तो सहज वळतो, दुसरीकडे अडतो. ज्या दिशेने सहज वळतो, त्याच दिशेने पट्टी गुंडाळली जाईल अशा बेताने ती कापावी. याकडे दुर्लक्ष केल्यास गुंडाळी गोल न होता कोनदार होते आणि दोष हाताला दिला जातो.

चित्राखालच्या तळासाठी हातकागदासारखा दुसरा कागद नाही. पुण्यातील शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून सुती चिंध्यांपासून असा कागद बनवीत आली आहे. महात्मा गांधींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून के. बी. जोशी यांनी ती सुरू केली. हा कागद जाडसर, किंचित खरबरीत असतो आणि डिंक चटकन धरतो. त्याच्या पट्ट्या मात्र कापू नयेत, कडांना तंतू सुटतात.

कृती

साधने थोडी लागतात. टोकाला खाच असलेली क्विलिंगची सुई नसेल, तर मोठ्या नेढ्याच्या दाभणाचा नेढ्याचा शेंडा पकडीने तोडून, टोकाची बाजू बुचात खोचली तरी काम भागते. गुंडाळ्या एकाच मापाच्या येण्यासाठी बाटलीची झाकणे किंवा लहान मुलीच्या बांगड्या वापराव्यात. पट्टीचे टोक खाचेत अडकवून गुंडाळत जावे. लगेच टोक चिकटवले तर घट्ट गुंडाळी तयार होते. झाकणात सैल सोडून मग चिकटवली तर सैल गुंडाळी मिळते. सैल गुंडाळीची एक बाजू चिमटली की थेंब होतो, दोन्ही बाजू चिमटल्या की डोळा. फुले, पाने, मोर, पणत्या हे सारे बहुतेक या चारच आकारांतून उभे राहतात. डिंक काडीच्या टोकाने, टाचणीच्या माथ्याएवढाच लावावा. काम सुरू असताना पंखा बंद ठेवावा लागतो. बारामतीच्या एप्रिल-मेमध्ये ही अट सोपी नव्हे.

बाजारातील नमुन्यांत गुलाब आणि फुलपाखरे फार झाली आहेत. त्याऐवजी भोवतालचे विषय घेतले तर कार्डाला स्वतःचा चेहरा येतो. इंदापूरच्या डाळिंबाचे दाणे घट्ट गुंडाळ्यांनी हुबेहूब साधतात. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत दिसणारा रोहित पक्षी तर या कलेसाठीच घडल्यासारखा आहे. अंगाला एक मोठा थेंब, मानेला वळवलेली एकच पट्टी आणि पायांना दोन सरळ पट्ट्या. येथे एक सूचना करावीशी वाटते. भिगवणला येणारा मोठा रोहित पांढरट असतो. गुलाबी रंग त्याच्या पायांवर, चोचीवर आणि पंखांत दिसतो, तर चोचीचे टोक काळे असते. संपूर्ण गुलाबी पक्षी करण्याची पद्धत परदेशी नमुन्यांवरून आली आहे.

आता हिशेब. एका भरगच्च कार्डाला शंभराच्या आसपास गुंडाळ्या लागू शकतात. समजा, त्यासाठी तीन तास लागले आणि तासाचे केवळ ५० रुपये धरले, तरी मजुरीच १५० रुपये झाली. कागद, डिंक आणि लिफाफा धरून कार्ड पावणेदोनशेच्या खाली परवडत नाही. तेच कार्ड ५० रुपयांना विकणारी गृहिणी प्रत्यक्षात आपले श्रम फुकट देत असते. बहुतेकींच्या वहीत स्वतःच्या वेळेचा रकानाच नसतो, ही या व्यवसायाची खरी अडचण आहे. भ्रमणध्वनीवरील संदेशांनी छापील शुभेच्छापत्रांचा बाजार आटवला असताना सामान्य ग्राहक दोनशे रुपये सहज काढणार नाही, हेही तितकेच खरे.

यावर दोन उपाय संभवतात. पहिला, नक्षी आटोपशीर ठेवावी. कोपऱ्यात एक फूल आणि दोन पाने अर्ध्या तासात होतात व मोकळा हातकागद शोभूनही दिसतो. दुसरा, भरगच्च काम केवळ मागणीनुसार घ्यावे. लग्न, साठी, बारसे अशा प्रसंगी नाव घालून केलेले कार्ड लोक चौकटीत लावून ठेवतात आणि त्याची किंमत देण्यास कुरकुर करीत नाहीत. बचत गटांसाठी पुण्याची बाजारपेठ अधिक फलदायी ठरते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टतर्फे पुण्यात भरवली जाणारी भीमथडी जत्रा हे त्यासाठीचे परिचित ठिकाण आहे. तेथे जाण्यापूर्वी प्रत्येक नमुन्याला लागलेला वेळ घड्याळ लावून नोंदवावा.

कार्ड टपालाने पाठवायचे झाल्यास साध्या लिफाफ्यात घालू नये. टपालाच्या एका शिक्क्याने गुंडाळ्या सपाट होतात. चित्राभोवती त्याच उंचीच्या पुठ्ठ्याची चौकट चिकटवून वरून दुसरा पुठ्ठा ठेवावा आणि मगच लिफाफा बंद करावा. २०२५ मध्ये रजिस्टर टपाल सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाल्याने नोंद ठेवून पाठवण्यासाठी स्पीड पोस्टचाच मार्ग आहे. कोकणात किंवा मुंबईस पावसाळ्यात पाठवताना कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे. बारामतीच्या कोरड्या हवेत महिनोन् महिने ताठ राहणारी गुंडाळी तेथील दमट हवेत नरम पडते.