पाच छायाचित्रं आणि त्यानंतरच्या रेषा

६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी सव्वाआठला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा योशितो मात्सुशिगे हा वृत्तछायाचित्रकार स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे पावणेतीन किलोमीटरवर आपल्या घरी होता. कॅमेरा घेऊन तो बाहेर पडला. मियुकी पुलावर होरपळलेली शाळकरी मुलं बसली होती. बराच वेळ त्याचं बोट कळ दाबायला धजेना. दिवसभरात काढलेल्यांपैकी मोजून पाच फोटो हाती लागले. त्या वर्षअखेरीपर्यंत या शहरात अंदाजे १ लाख ४० हजार माणसं गेली. त्या दिवशीच्या माणसांचा छायाचित्रांतला पुरावा म्हणून आज जग ओळखतं, ते मुख्यतः हे पाच फोटो.

नंतर अमेरिकी ताब्याच्या काळात सेन्सॉरची कात्री आली. ‘आसाही ग्राफ’ या सचित्र नियतकालिकाने बॉम्बपीडितांची छायाचित्रं वाचकांपुढे ठेवली, तोवर १९५२ चा ऑगस्ट उजाडला होता. जे कॅमेऱ्यात आलं नाही आणि जे आलं ते दडपलं गेलं, ते पुढे हाताने काढावं लागलं. अणुयुद्धावरच्या जपानी ॲनिमेशनपटांचा इतिहास इथून सुरू होतो.

१९७४ मध्ये सत्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ स्वतः काढलेलं एक चित्र घेऊन एनएचके या जपानी प्रसारणसंस्थेच्या हिरोशिमा केंद्रात गेले. ते पाहून केंद्राने वाचलेल्यांना आवाहन केलं, की आठवतं ते काढून पाठवा. दोन वर्षांत दोन हजारांहून जास्त चित्रं जमली. काढणारे बहुतेक आयुष्यात कधी चित्राच्या वाटेला न गेलेले. चित्र अपुरं वाटलं, की कोपऱ्यात पुलाचं नाव, वेळ, कोण कुठे पडलं होतं हे लिहून टाकलेलं.

रेन्झो आणि सायोको किनोशिता या दांपत्याचा ‘पिकादोन’ (१९७८) हा लघुपट याच चित्रांच्या आणि साक्षींच्या जवळचा. जेमतेम नऊ मिनिटांचा, एकही संवाद नसलेला. आधी नेहमीची सकाळ, मग लखलखाट, मग वितळणारी माणसं. पुढे १९८५ मध्ये, बॉम्बच्या चाळिसाव्या वर्षी, हिरोशिमात आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन महोत्सव सुरू झाला, त्यामागेही हीच दोघं होती. तो २०२० पर्यंत चालला.

केइजी नाकाझावा मात्र स्वतःच साक्षीदार होता. त्या सकाळी तो सहा वर्षांचा होता. शाळेच्या फाटकाशी एका वर्गमित्राच्या आईने त्याला अडवून विचारलं, आज वर्ग शाळेत भरणार की देवळात? तो उत्तर देत होता तेवढ्यात प्रकाश झाला. शाळेची काँक्रीटची भिंत आड आली म्हणून तो वाचला. समोरची बाई जागच्या जागी जळून गेली. घरी वडील, बहीण आणि धाकटा भाऊ कोसळलेल्या छपराखाली अडकून मेले. आईला त्याच दिवशी रस्त्यावर मुलगी झाली, तीही काही महिन्यांत गेली.

मोठा होऊन तो तोक्योत चित्रकथा काढू लागला, पण बॉम्बचा विषय त्याने टाळला. १९६६ मध्ये आई वारली. दहनानंतर नातेवाइकांनी अस्थी वेचायच्या, ही तिथली रीत. वेचण्याजोगं हाड सापडेना, फक्त पांढरट चुरा. बॉम्बने आईची हाडंसुद्धा ठेवली नाहीत, या संतापातून त्याने लिहायला घेतलं. बड्या प्रकाशकांनी आधी दारं लावून घेतली. अखेर १९७३ मध्ये ‘शोनेन जम्प’ या मुलांच्या साप्ताहिकात ‘हादाशी नो गेन’, म्हणजे अनवाणी गेन, सुरू झालं.

१९८३ मध्ये मोरी मासाकीच्या दिग्दर्शनाखाली मॅडहाउस स्टुडिओने त्याचा चित्रपट केला. बॉम्बचा प्रसंग येतो तेव्हा रंग उडतात, रेषा ओरबाडल्यासारख्या होतात, आणि एकेक माणूस सावकाश विरघळताना दिसतो. तरी खरा घाव पुढे बसतो. आग जवळ येत असते, वडील छपराखालून सांगत असतात, आईला घेऊन जा, आणि गेन, म्हणजे कथेतला नाकाझावा, तिला ओढून नेतो. प्रत्यक्षात नाकाझावा तिथे नव्हता. हे त्याला आईने सांगितलं होतं. चित्रपटात त्याने स्वतःला तिच्या शेजारी उभं केलं.

अणुबॉम्ब आणि कार्टूनची गाठ अमेरिकेत सरकारने आधीच घालून दिली होती, ती मात्र धीर देण्यासाठी. १९५२ पासून शाळांत दाखवलेल्या ‘डक अँड कव्हर’मध्ये बर्ट नावाचं कासव मुलांना शिकवायचं, की प्रकाश दिसला की खाली वाका आणि डोकं झाका. १९५६ मध्ये पीटर आणि जोन फोल्डेस यांचा ‘अ शॉर्ट व्हिजन’ हा ब्रिटिश लघुपट अमेरिकेत एड सलिव्हनच्या लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात लागला. त्यात चेहरे वितळत होते. घरोघरी बसलेल्या प्रेक्षकांना चांगलाच हादरा बसला.

सरकारी धीराची सगळ्यात कडू खिल्ली ‘व्हेन द विंड ब्लोज’ने (१९८६) उडवली. रेमंड ब्रिग्जच्या चित्रकथेवरून तो जिमी मुराकामीने केला. मुराकामी जपानी वंशाचा अमेरिकन. युद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना कोंडलं, तेव्हा त्याचं बालपण टूली लेकच्या छावणीत गेलेलं. चित्रपटातले जिम आणि हिल्डा हे पेन्शनीतलं इंग्रज जोडपं. जिम सरकारी पत्रकात सांगितल्याप्रमाणे घरातली दारं उचकटून भिंतीला साठ अंशांत टेकवतो. हिल्डाला काळजी पडद्यांची, गाद्यागिरद्यांची आणि ओव्हनमधल्या केकची. दारांचा हा तपशील मनचा नाही: ‘प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह’ ही पुस्तिका ब्रिटिश सरकारने १९८० मध्ये पन्नास पेन्सला खरोखर विकली होती. बॉम्बनंतर दोघं पावसाचं पाणी साठवून पितात, मग केस गळू लागतात. जिमचा सरकारवरचा विश्वास मात्र ढळत नाही.

सुनाओ काताबुचीचा ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ (२०१६) बॉम्बपासून लांब, वीसेक किलोमीटरवरच्या कुरे बंदरात घडतो. सुझू ही घरकाम करणारी, चित्रं काढणारी सून. तिथून हिरोशिमाचा स्फोट म्हणजे एक चमक, एक हादरा आणि कुठून तरी उडत येऊन झाडात अडकलेलं दार. काताबुचीने जुन्या रहिवाशांना विचारून, जुने फोटो धुंडाळून हिरोशिमातली नाकाजिमा ही नष्ट झालेली बाजारपेठ दुकानांच्या पाट्यांसह पुन्हा रेखाटली. आज तिथे शांतता उद्यान आहे. चित्रपटाच्या सुरुवातीला लहान सुझू ज्या ताइशोया किमोनो दुकानाशी टेकते, ती इमारत मात्र अजून उद्यानात उभी आहे.

नाकाझावा डिसेंबर २०१२ मध्ये गेला. त्याच वर्षी मात्सुए शहरात ‘गेन’ शाळांच्या ग्रंथालयातल्या उघड्या कपाटांतून हलवण्यात आलं. ओरड झाली तेव्हा २०१३ मध्ये निर्णय मागे घेतला गेला. २०२३ मध्ये खुद्द हिरोशिमाच्या शिक्षण मंडळाने शांतताशिक्षणाच्या पाठांतून त्याची पानं काढली. गेन आजारी आईसाठी दुसऱ्याच्या तळ्यातला मासा चोरतो, असे प्रसंग आजच्या मुलांना कळणार नाहीत, असं कारण दिलं. हे कारण पटण्यासारखं नाही. उपाशी आईसाठी केलेली चोरी मुलांना न कळण्याइतकी अवघड कधीच नव्हती. अवघड जातं ते मोठ्यांना, कारण पुढचे प्रश्न त्यांना येतात. घरात दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर सुरुवात काताबुचीपासून करावी. ‘गेन’ आधी स्वतः पाहावा, मग त्यांना शेजारी बसवून दाखवावा.