आधी वाद्य तपासा, मग मुलांची चिकाटी: इलेक्ट्रिक गिटारची गोष्ट



मराठी शाळा सुटल्यावर पार्किंगमध्ये दर सप्टेंबरात एक प्रश्न हमखास येतो. "आमच्याकडे इलेक्ट्रिक गिटारचा हट्ट चाललाय. किती पैसे घालायचे? ॲम्प कुठला घ्यायचा? आणि खालच्या अपार्टमेंटवाले तक्रार करतील त्याचं काय?" घाईत मी दर वेळी अर्धवट उत्तर देते, म्हणून आज सविस्तर लिहितेय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. आधी इतिहास सांगणार आहे, खरेदीचं शेवटी. कारण हा इतिहास मला वेळेवर माहीत असता, तर आमच्या घरात जे झालं ते झालं नसतं.

झालं असं की लेक नऊ वर्षांची असताना आम्ही तिला एक गिटार मागवून दिली. एकाच खोक्यात गिटार, छोटा ॲम्प, वायर, पट्टा, सगळं. तीन महिने तिने रोज वाजवली. रोज म्हणायची, "आई, बोटं दुखतात." मी रोज तेच भाषण द्यायचे: सुरुवातीला सगळ्यांचीच दुखतात, आम्ही लहानपणी पेटी शिकलो तेव्हा काय कमी त्रास झाला, चिकाटी हवी. चौथ्या महिन्यात गिटार कपाटात गेली. "हिला कशातच चिकाटी नाही" हे वाक्य मी पाहुण्यांसमोरसुद्धा बोलले आहे.

दोन वर्षांनी ती गिटार गराज सेलमध्ये काढली, तेव्हा वाद्यं दुरुस्त करणारे एक शेजारी आजोबा आले. त्यांनी ती हातात घेतली, डोळ्यासमोर धरली आणि तारांखाली नाणी सरकवून पाहिली. बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे आपल्या सतारीचे पडदे) तारेखाली दोन निकेल एकावर एक ठेवून आरामात गेली. निकेल साधारण दोन मिलिमीटर जाड असतं, म्हणजे तार जवळजवळ चार मिलिमीटर वर होती. म्हणाले, "यावर मलाही वाजवता येणार नाही." पाऊण तासात त्यांनी ती सरळ केली. लेकीने वाजवून पाहिली आणि एवढंच म्हणाली, "मी सांगत होते ना, आई." मंडळी, ते वाक्य अजून टोचतं.

खरं तर आपल्याला हे कळायला हवं होतं. आपल्याकडे मिरजेला पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी बनतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथला कारागीर भोपळा, दांडी, तारा सगळं जोडून झालं तरी वाद्य तयार झालं म्हणत नाही. घोडीचा पृष्ठभाग घासून घासून जवारी लावतो, तेव्हा तंबोरा बोलू लागतो. गिटारचंही असंच असतं. तारांची उंची, नेकचा किंचित बाक, सुरांची जुळणी या सगळ्याला इथे 'सेटअप' म्हणतात. आणि तो बहुतेक वेळा खोक्यात येत नाही.

आता मूळ गोष्टीकडे. गिटारला वीज का लागली? आवाज पुरत नव्हता म्हणून. १९२०च्या दशकात अमेरिकेत हवाईयन संगीताची लाट होती. गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर लोखंडी पट्टी फिरवायची, पण बँडमधल्या बाकीच्या वाद्यांपुढे ती ऐकूच जायची नाही. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशाँ हा वादक आणि मूळचा स्वित्झर्लंडचा ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२ मध्ये यावर उत्तर काढलं. तारांजवळ लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज तयार होते आणि ती ॲम्पमधून मोठी होऊन स्पीकरला जाते. यालाच पिकअप म्हणतात. गोल बूड, लांब दांडा अशा रूपामुळे त्या गिटारचं नावच 'फ्राइंग पॅन' पडलं. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं.

ही हवाईयन गिटार आपल्या आईवडिलांच्या ओळखीची आहे बरं का. व्हॅन शिप्ली आणि हझारा सिंग यांनी गिटारवर वाजवलेल्या हिंदी सिनेगीतांच्या तबकड्या त्या काळी घरोघरी वाजायच्या. पुढे ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. तेव्हा "हे आपलं वाद्य नाही" असं आजोबा म्हणाले, तर त्यांना शिप्लींची आठवण करून द्या.

दुसरा टप्पा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा. लिओ फेंडर शिक्षणाने हिशेबनीस. मंदीत नोकरी गेल्यावर १९३८ मध्ये त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. गंमत म्हणजे त्याला गिटार वाजवता येत नव्हती. म्हणूनच बहुधा त्याने ती रेडिओसारखी बनवली: भरीव लाकडाची फळी आणि चार स्क्रूंनी बसवलेला नेक. बिघडलं तर काढा, दुसरा लावा. १९५० मध्ये आलेली ही गिटार वर्षभरात 'टेलिकास्टर' झाली आणि १९५४ मध्ये 'स्ट्रॅटोकास्टर' आली. मिशिगनमध्ये कॅलमझूच्या गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये वादक लेस पॉलच्या नावाची गिटार काढली. तो पुढे आपल्या न्यू जर्सीतच, माहवा गावात राहायचा. आजही दुकानात भिंतीवर टांगलेल्या बहुतेक गिटार या तिघींच्या लेकी-नाती आहेत.

पण घरी वाजवणाऱ्याचं काय? १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टरची किंमत २४९ डॉलर ५० सेंट होती, आजच्या हिशोबाने अडीच-तीन हजार डॉलर. सामान्य घरांसाठी उत्तर आलं तेही न्यू जर्सीतून. नेथन डॅनियल या माणसाने १९४७ मध्ये रेड बँकमध्ये डॅनइलेक्ट्रो कंपनी काढली, मग ती नेप्चूनला गेली. एडिसनहून समुद्रावर जाताना आपण जवळूनच जातो. महाग लाकडाऐवजी हार्डबोर्ड वापरून, लिपस्टिकच्या नळीत बसवलेले पिकअप लावून त्याने स्वस्त गिटार बनवल्या. १९६०च्या सुरुवातीला सीअर्सच्या कॅटलॉगमध्ये 'सिल्व्हरटोन' नावाने त्याचा संच आला: गिटार आणि तिच्या पेटीतच बसवलेला छोटा ॲम्प, सत्तर डॉलरच्या आत. अमेरिकेतल्या असंख्य मुलांचं हे पहिलं वाद्य. याच कारखान्याने १९६७ मध्ये 'कोरल' ही इलेक्ट्रिक सितार काढली. रविशंकर आणि बीटल्समुळे सतारीचं वेड लागलं होतं, मग यांनी गिटारलाच चपटी घोडी लावून तार मुद्दाम झणझणेल अशी सोय केली. म्हणजे जवारीच!

सिॲटल, रेडमंडकडच्या मंडळींसाठी एक गोष्ट. १९५९ मध्ये सिॲटलमधल्या एका बागकाम करणाऱ्या बापाने मुलाला पहिली इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. सुप्रो कंपनीची, विद्यार्थ्यांसाठीची साधी गिटार. तो मुलगा म्हणजे जिमी हेंड्रिक्स. प्रत्येक मूल हेंड्रिक्स होत नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नका. पण ऐपतीतली साधी गिटार देणारा बाप काही चुकत नसतो, एवढं यातून नक्की घ्या.

आता इफेक्ट्सचं, म्हणजे पायाने दाबायच्या त्या रंगीत डब्यांचं. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या १९६१च्या एका गाण्यात ग्रेडी मार्टिनच्या वाद्याचा आवाज फाटून आला. स्टुडिओच्या यंत्रात बिघाड होता. तो आवाज पुसायच्या ऐवजी ठेवला आणि लोकांना आवडला. मग १९६२ मध्ये तोच बिघाड डब्यात भरून 'मॅस्ट्रो फझ-टोन' नावाने विकायला आला. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये तो जगाने ऐकला. तेव्हा लेकाच्या खोलीतून फाटका आवाज आला तर स्पीकर बिघडला म्हणून धावू नका. तो मुद्दाम फाडलेला असतो.

१९६५ हे वर्ष आपल्यालाही महत्त्वाचं. ३ ऑक्टोबरला नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही झाली आणि आपल्यापैकी कित्येकांचे काका-मामा इथे येऊ शकले. त्याच वर्षी जानेवारीत लिओ फेंडरने आपली कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. पुढच्या काळात गिटारचा दर्जा घसरल्याची ओरड झाली. तोवर जपानी कारखाने इतक्या चांगल्या नकला करू लागले की १९८२ मध्ये फेंडरने स्वतःच जपानमध्ये गिटार बनवायला सुरुवात केली. 'स्क्वायर' हे स्वस्त गिटारचं नाव त्यातूनच पुढे आलं. म्हणजे वर नाव कुठलं आहे यावरून आत काय आहे ते कळत नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं. आज संगणकाने लाकूड कापलं जातं, त्यामुळे इंडोनेशियात किंवा चीनमध्ये बनलेल्या दोनशे ते तीनशे डॉलरच्या गिटारही मुळात चांगल्या असतात. आकडा १९५४चाच, पण डॉलर आजचे!

ॲम्पची गोष्ट मात्र उलट्या दिशेने गेली. आधी सगळी धडपड आवाज वाढवायची. आजीकडच्या जुन्या रेडिओत असायचे तसे व्हॉल्व्ह या ॲम्पमध्ये असतात, आणि ते जोरात चालवले की आवाजाला ती गोड खरखर येते. म्हणजे चांगला आवाज हवा तर शेजाऱ्यांशी भांडण ठरलेलं. हा प्रश्न सोडवणारा माणूस आपल्या घरांत सहज शोभेल. टॉम शोल्झ, एमआयटीचा मेकॅनिकल इंजिनिअर, पोलरॉइड कंपनीत नोकरी. रात्री घराच्या बेसमेंटमध्ये रेकॉर्डिंग करायचा. 'बॉस्टन' बँडच्या १९७६च्या पहिल्या अल्बमचा मोठा भाग त्या बेसमेंटमध्ये झाला. १९८२ मध्ये त्याने 'रॉकमन' आणला: कमरेला अडकवायचा छोटा डबा, कानाला हेडफोन, आणि आवाज थेट स्टेजवरच्यासारखा. १९९८ मध्ये लाइन सिक्स कंपनीच्या 'पॉड'ने हेच काम डिजिटल पद्धतीने केलं. आजचे घरगुती ॲम्प याच वाटेने आले आहेत. कित्येक ॲम्पची आणि इफेक्ट्सची नक्कल एकाच डब्यात, हेडफोनची सोय पाठीमागे.

आता खरेदी. इतिहासातून मी काय शिकले ते सांगते.

गिटार: शक्यतो दुकानात जाऊन मुलाच्या हातात देऊन पाहा. बाराव्या फ्रेटपाशी सगळ्यात जाड तारेखाली एक निकेल कसंबसं जावं. दोन जात असतील तर सेटअप करून घ्या, त्याचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा. नेकच्या कडेवरून हात फिरवा. हीटिंगमुळे हिवाळ्यात लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं बोचू लागतात. खोलीत ४५-५० टक्के आर्द्रता ठेवली तर हा त्रास कमी होतो. लहान हात असतील तर कमी लांबीची, शॉर्ट स्केल गिटार बघा. पट्टीचं लाकूड रोझवुड असेल तर ते बहुतेक वेळा आपलं शिसव असतं. आणि स्वस्त गिटारवर 'इंडियन लॉरेल' लिहिलेलं असतं, ते म्हणजे आपला ऐन. दोन्ही सह्याद्रीत वाढणारी झाडं, तेव्हा लॉरेल बघून नाक मुरडू नका.

"आधी साधी गिटार, मग इलेक्ट्रिक" हा नियम डोक्यातून काढा. इलेक्ट्रिकच्या तारा बारीक असतात, लहान बोटांना उलट सोप्या जातात.

ॲम्प: वॅटला भुलू नका. वॅट दहापट झाले तर आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो. बेडरूममध्ये पाच वॅटही खूप होतात. हेडफोन लावता येतो का ते बघा, आणि त्याचा आवाज किती ठेवायचा ते पहिल्याच दिवशी ठरवा. कान एकदाच मिळतात.

इफेक्ट्स: पहिलं वर्ष एकही पेडल घेऊ नका, ॲम्पमध्ये असतात तेवढे पुरे. घ्यायचंच तर ट्यूनर घ्या. बेसूर गिटारला कुठलंही पेडल वाचवू शकत नाही.

आमची लेक आता पंधराची आहे. तीच जुनी गिटार वाजवते. मागच्या गणपतीत आरती झाल्यावर तिने हेडफोन काढून ॲम्प हळू आवाजात सुरू केला आणि आजीला एक जुनं सिनेगीत वाजवून दाखवलं. आजी म्हणाली, "हिच्यात चिकाटी आहे हो." मी गप्प बसले.

तुमच्या घरात कुठलं वाद्य कपाटात पडलंय? आज संध्याकाळी बाहेर काढा आणि तारेखाली एक निकेल सरकवून बघा. काय आढळलं ते खाली जरूर लिहा.