जुन्या गिल्डची किंमत

घर विकलें जातें, शेत विकलें जातें, दुकानाची चालू गादीहि विकली जाते. यांत आश्चर्य कांहीं नाहीं. परंतु माणसांची मंडळी विकली जाते, आणि तीहि जुनी, वापरलेली, दुसऱ्यांनीं वाढवून मग सोडून दिलेली, हें प्रथम कानीं आलें तेव्हां आम्हांस हंसूं आलें. पुढें त्या व्यवहाराचा मागोवा घेतां घेतां तें हंसूं मावळलें. इतिहासाच्या अभ्यासकानें हंसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नव्हे, असें आमचें मत झालें आहे.

हा बाजार संगणकावरील आभासी जगांतला आहे. हजारों माणसें आपापल्या घरीं बसून एकाच कल्पित देशांत एकाच वेळीं वावरतात, राक्षस मारतात, धन जोडतात, आणि एकट्यादुकट्यास न झेपणाऱ्या मोहिमांसाठीं संघ बांधतात. या संघांस तेथें गिल्ड हें मध्ययुगीन युरोपांतील कारागिरांच्या संघांचें नांव मिळालें आहे. आपल्याकडे प्राचीन काळीं ज्यांस श्रेणी म्हणत त्यांच्याच जातीचे ते जुने संघ. नांव घेतलें तें शोभेसाठीं. पण नांवाबरोबर जुन्या संघांचे कांहीं रोगहि नव्या घरीं आले.

येथें खरेदीविक्री शिरण्यास वेळ लागला नाहीं. १९९७ सालीं निघालेल्या अल्टिमा ऑनलाइन या खेळांत जमीन थोडी आणि घर बांधूं इच्छिणारे फार, अशी स्थिति झाली, व तेथील घरें ईबे या लिलावाच्या पेठेंत खऱ्या डॉलरांनीं विकूं लागलीं. गिल्डची शिलाहि घरांतच बसवावी लागे, हें येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. १९९९ सालीं एव्हरक्वेस्ट आला. त्यांतील नोराथ नांवाच्या कल्पित देशाचें दरडोई राष्ट्रीय उत्पादन एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञानें २००१ सालीं लिलावांतील भावांवरून काढलें, तें २,२६६ डॉलर भरलें. रशिया व बल्गेरिया यांच्या दरम्यानचें. त्याच वर्षाच्या आरंभीं खेळाची मालक असलेल्या सोनी कंपनीच्या सांगण्यावरून ईबेनें एव्हरक्वेस्टचे लिलाव बंद केले. पण चारच वर्षांनीं, २००५ सालीं, सोनीनें या व्यवहारासाठीं स्वतःचीच पेठ उघडली. निषिद्ध व्यापार राजानें आपल्या मक्त्याखालीं घ्यावा, ही राजनीति फार जुनी आहे.

गिल्डच्या किंमतीचा हिशेब मात्र वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या २००४ सालच्या खेळांत जितका स्वच्छ दिसतो तितका दुसरीकडे दिसत नाहीं. तेथें गिल्डची सनद दहा रौप्य नाण्यांस मिळे, म्हणजे जवळजवळ फुकट. अडचण होती ती सह्यांची. सुरुवातीच्या काळांत स्थापकाखेरीज आणखी नऊ खेळाडूंच्या सह्या लागत. त्यासाठीं लोक चव्हाट्यावर उभे राहून दर सहीमागें कांहीं नाणीं देऊं करीत. सही करणारे पैसे घेत आणि लगोलग गिल्ड सोडून जात. अशा गिल्डला मोल तें काय असणार? तें आलें २००७ च्या नोव्हेंबरांत, जेव्हां गिल्डांस सामाईक कोठार मिळालें. या कोठाराचे सहा कप्पे एकामागून एक विकत घ्यावे लागत, आणि त्यांचे दर १००, २५०, ५००, १,०००, २,५०० व ५,००० सुवर्णनाणीं असे चढते होते; सगळे मिळून ९,३५०. हा पैसा परत मिळत नसे. साहजिकच मोडलेल्या गिल्डचा प्रमुख तें पुरतें बुडवून टाकण्याऐवजीं गिऱ्हाईक शोधूं लागला, आणि गिऱ्हाईक मिळेहि. कारण कित्येक खेळाडूंस सोबती नको होते, स्वतःचा माल ठेवावयास वखार हवी होती. अशा गिल्डचा भाव नव्या कप्प्यांच्या खर्चाहून थोडा खालीं राही, हें कोणीहि व्यापारी सांगेल.

२०१० च्या डिसेंबरांत या साध्या हिशेबास दुसरें अंग फुटलें. कंपनीनें गिल्डांस पायऱ्या लावून दिल्या. सभासदांच्या पराक्रमानें गिल्ड पायरीपायरीनें चढत पंचविसाव्यापर्यंत जाई, आणि चढतांना सर्वांस नवनव्या सवलती मिळत. मात्र आरंभीं एका दिवसांत किती पुढें जातां येईल यास मर्यादा असे. म्हणून कितीहि हौशी मंडळी असली तरी शेवटची पायरी गांठावयास महिने लोटत. ज्यास इतका दम नसे तो पिकलेलें गिल्ड विकत घेई. सवलतींपैकीं एक तर अशी होती कीं, सभासदांनीं शत्रूंपासून मिळविलेल्या नाण्यांच्या प्रमाणांत, प्रथम शेंकडा ५ आणि पुढें शेंकडा १०, जादा भर आपोआप गिल्डच्या कोठारांत पडे. सभासदांच्या पदरचें कांहीं जात नसे. पण कोठाराची किल्ली प्रमुखाच्या हातीं! मग दिसेल त्या अनोळखी खेळाडूस आमंत्रण देऊन शेंकडों सभासदांचे कळप जमविणारे प्रमुख निघाले. त्यांचें गिल्ड हें आतां वखार राहिलें नाहीं. तें उत्पन्नाचें गांव झालें. त्याची किंमत कप्प्यांवरून न होतां, जहागिरीची व्हावी तशी, वसुलावरून होऊं लागली.

नांवालाहि भाव असे. एका राज्यांत एक नांव एकाच गिल्डला मिळे, त्यामुळें सुटसुटीत, ठसकेबाज नांवें लवकर संपलीं. असें नांव असलेलें जुनें गिल्ड रिकामें असलें तरी खपे. पुढें कंपनीनें पैसे घेऊन नांव बदलून देण्याची सोय केली. हस्तांतराची रीत पाहिली तर ती आणखी धास्तीची. प्रमुखपद एका आज्ञेसरशीं दुसऱ्यास जाई. परंतु पद आणि पैसा एकाच क्षणीं अदलाबदल करण्याचें साधन खेळांत नव्हतें. कोणीतरी आधीं विश्वास टाकावयाचा, आणि मग देव आणि दैव! खऱ्या पैशानें केलेला सौदा तर नियमांनींच निषिद्ध असल्यामुळें फसलेल्यानें दाद कोणाकडे मागावी?

या साऱ्या भावांत सभासदांची किंमत कोठें धरली होती? आमच्या मतें प्रश्नाचें मर्म येथें आहे. पायऱ्या चढविल्या सर्वांनीं. कप्प्यांसाठीं वर्गणी दिली पुष्कळांनीं. पण खेळाच्या कायद्यानें गिल्ड एकट्या प्रमुखाचें. तो निजानीज झाल्यावर विकून मोकळा झाला, तर सकाळीं सभासदांस नवा धनी दिसे. ईव्ह ऑनलाइन या दुसऱ्या एका खेळांत फेब्रुवारी २००९ मध्यें काय झालें तें प्रसिद्ध आहे. बँड ऑफ ब्रदर्स ही हजारों खेळाडूंची बलाढ्य आघाडी. तिच्या एका अधिकाऱ्यानें शत्रुपक्षास मिळून, पदाचा अधिकार वापरून, ती एका रात्रींत विसर्जित केली. हजारोंपैकीं कोणासहि विचारावें लागलें नाहीं. शत्रूंनीं तें रिकामें झालेलें नांवहि आपल्याकडे नोंदवून घेतलें, आणि मूळच्या मंडळींस दुसऱ्या नांवानें पुन्हां उभें राहावें लागलें.

मराठी वाचकास येथें पाटीलकीच्या खरेदीखतांची आठवण झाल्याखेरीज राहणार नाहीं. कर्जांत बुडालेला पाटील आपली निमी पाटीलकी विकी, तेव्हां हक्कांबरोबर मानपानहि वांटले जात. होळीची पोळी आधीं कोणाची आणि पोळ्यास बैल पुढें कोणाचे, इथपर्यंत. पद ही विक्रीची वस्तु, हें आमच्या पूर्वजांस मुळींच नवें नव्हतें. परंतु तो सौदा दोघांनीं कानांत बोलून उरकण्याजोगा नसे. गोत जमे, बलुतेदार साक्षीस बसत आणि आपापल्या हत्यारांच्या निशाण्या कागदावर उठवीत. ज्यांच्यावर नवा धनी येणार त्यांच्या देखत तो येई. त्या समाजाचे अन्याय आम्ही विसरलों नाहीं. पण एवढी एक चाल त्यानें राखली होती.

फ्रान्सांतील खऱ्या गिल्डांचा इतिहास याहून बोधप्रद आहे. युद्धखर्चानें पिडलेल्या चौदाव्या लुईनें १६९१ सालीं गिल्डांतील पंचांच्या जागा वंशपरंपरागत करून विक्रीस काढल्या. परका माणूस डोक्यावर बसूं नये म्हणून गिल्डांनीं कर्ज काढून त्या जागा स्वतःच विकत घेतल्या, आणि तें कर्ज पुढें फार दिवस फेडीत बसले. म्हणजे स्वतःचें घर स्वतःसच विकत घेण्याची पाळी आली. १७७६ सालीं तुर्गो या मंत्र्यानें गिल्डें रद्द केलीं. तो पडला आणि त्याच वर्षीं तीं परत आलीं. शेवटीं मार्च १७९१ मध्यें क्रांतीच्या विधिमंडळानें तीं कायमचीं मोडलीं. मात्र ज्यांनीं उस्तादपदासाठीं पैसे मोजले होते त्यांस कांहीं भरपाई द्यावी, असें त्याच कायद्यांत ठरलें. क्रांतिकारकांनीं धर्मसंस्थेच्या जमिनी घेतल्या, राजाचा मुकुट काढला. परंतु खाटीक-शिंप्यांनीं भरलेल्या पैशाचा हिशेब ठेवणें त्यांस आवश्यक वाटलें.

२०१४ च्या ऑक्टोबरांत वॉरक्राफ्टच्या कंपनीनें गिल्डांच्या पायऱ्या काढून टाकल्या. कारणें दिलीं तीं वाईट नव्हतीं; लहान मंडळ्या मोठ्यांपुढें नाहक फिक्या पडत होत्या. पण काल पंचविसाव्या पायरीचें म्हणून घेतलेलें गिल्ड आणि आज दहा रौप्य नाण्यांत काढलेलें गिल्ड त्या दिवशीं या बाबतींत सारखेंच झालें. ज्यांनीं तें चढविलें त्यांचे महिने गेले, ज्यांनीं विकत घेतलें त्यांचीं नाणीं गेलीं. भरपाईचा प्रश्न निघाला नाहीं, आणि निघणारहि नव्हता. खेळांत शिरतांना प्रत्येकानें मान्य केलेल्या करारांत तेथील कांहींच आपलें नाहीं असें लिहिलेलें असतें. तुर्गोसहि इतकें सोपें गेलें नव्हतें.

कोठाराचे कप्पे तेवढे राहिले, आणि रिकामें गिल्ड पुन्हां वखारीच्या भावावर आलें. पुढें २०२४ सालीं कंपनीनें एकाच खेळाडूच्या सर्व पात्रांस मिळून एक सामाईक कोठार दिलें, तेव्हां एकट्यानें वखारीसाठीं गिल्ड बाळगण्याची गरजहि बरीच कमी झाली.