आकाशाचा कागद वाचणारी माणसे

परग्रहावरील जीवसृष्टीच्या शोधाचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक आकाशापासून सुरुवात करतात. ताऱ्यांची संख्या, प्रकाशवर्षांची अंतरे आणि मग तो जुना प्रश्न : या अफाट पसाऱ्यात आपण एकटेच आहोत काय? आम्हांला या लेखात उलट दिशेने जावयाचे आहे. हा शोध प्रत्यक्षात कोणी घेतला, कोणत्या नोकरीत राहून घेतला, आणि त्यासाठी लागणारी नजर त्यांना कोठे मिळाली, असे प्रश्न विचारले की हा इतिहास जमिनीवर उतरतो. तो कागद वाचणाऱ्या माणसांचा इतिहास ठरतो. वाचणे आणि वाचावयास शिकवणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, अशा आपल्यासारख्यांना त्यात स्वतःचाही काही मामला सापडेल असे वाटते.

या शोधाचा आधुनिक आरंभ १९५९ साली झाला. कोक्कोनी आणि मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. दूरच्या एखाद्या प्रगत संस्कृतीला संदेश पाठवावयाचा असेल तर ती हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्‌झ या कंप्रतेच्या आसपास रेडिओलहरी सोडील, असा त्यांचा तर्क होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील ग्रीन बँक येथे फ्रँक ड्रेक यांनी टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे दुर्बीण वळवून ऐकण्यास सुरुवात केली. हाती काही लागले नाही. 'नाही' हे उत्तर पदरी घेऊन पुन्हा कामाला बसण्याची या क्षेत्राची रीत तेथूनच सुरू झाली.

या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण मात्र परग्रहवासीयांच्या शोधाला न निघालेल्या एका विद्यार्थिनीचे आहे. जोसेलिन बेल या उत्तर आयर्लंडमधल्या. तेथे अकराव्या वर्षी एक परीक्षा घेऊन मुलांच्या पुढील शिक्षणाची वाट ठरवली जाई. त्या परीक्षेत त्या नापास झाल्या. पुढे शाळेत विज्ञानाचा तास आला तेव्हा मुलगे प्रयोगशाळेत आणि मुली स्वयंपाकघराच्या वर्गात, अशी वाटणी झाली. पालकांनी हरकत घेतली म्हणून ही मुलगी प्रयोगशाळेत पोहोचली. शालेय व्यवस्थेच्या दोन चाळण्यांतून गळून जाता जाता राहिलेली ही विद्यार्थिनी पुढे केंब्रिजला पीएच.डी.साठी गेली. तिचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश यांना क्वेसारांचा अभ्यास करावयाचा होता आणि त्यासाठी साडेचार एकरांवर एक रेडिओ दुर्बीण उभारावयाची होती. खांब रोवणे, तारा ओढणे या कामांत बेल आणि इतर विद्यार्थ्यांची दोन वर्षे गेली.

१९६७ च्या जुलैत दुर्बीण सुरू झाली. तिची नोंद कागदाच्या लांबलचक पट्टीवर शाईच्या लेखणीने उमटे. दिवसाला सुमारे शंभर फूट कागद. आकाशाची एक फेरी पूर्ण होण्यास चार दिवस, म्हणजे चारशे फूट. तो सगळा कागद बेल यांनी एकटीने डोळ्यांखालून घालावयाचा होता. संगणक त्या काळीही होते. परंतु या नव्या उपकरणाच्या सवयी कळेपर्यंत नोंदी माणसानेच पाहाव्यात, असे त्या गटाने ठरवले होते. वेगवेगळ्या स्वभावाचे संकेत माणसाला चटकन ओळखू येतात, यंत्राला ते शिकवणे अवघड, असा त्यामागचा विचार होता.

ऑगस्टमध्ये त्या चारशे फुटांत सुमारे अर्धा इंच जागा व्यापणारी एक विसकटलेली नोंद त्यांना खटकली. ती क्वेसारासारखी नव्हती आणि पृथ्वीवरील खरखरीसारखीही नव्हती. आकाशाच्या याच भागात असे काही पूर्वी पाहिल्याचे त्यांना आठवले. त्यांनी मागचे कागद उलगडले. नोव्हेंबरच्या अखेरीस कागद वेगाने पळवून नोंद घेतली, तेव्हा त्या अर्ध्या इंचाचे सुटे ठोके झाले : दर १.३३ सेकंदाला एक, घड्याळासारखे नियमित. निसर्गात इतके चोख काही असते हे तोवर कोणास ठाऊक नव्हते. गटाने अर्धवट थट्टेने त्या उगमाला 'छोटी हिरवी माणसे' असे नाव दिले. आपल्याला प्रबंध पुरा करण्याची घाई असताना या हिरव्या माणसांना नेमकी आपलीच दुर्बीण सापडावी, याचा त्या वेळी वैताग आला होता, असे बेल यांनी पुढे सांगितले आहे. डिसेंबरात नाताळच्या आधी त्यांनीच आकाशाच्या दुसऱ्या कोपऱ्यात तसाच दुसरा उगम शोधला. दोन भिन्न दिशांच्या संस्कृतींनी एकाच वेळी एकाच पृथ्वीला खुणावणे असंभवनीय होते. परग्रहवासी गेले आणि पल्सार नावाच्या ताऱ्यांची जात सापडली.

पुढचा भाग अनेकांना ठाऊक आहे. १९७४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल ह्युइश आणि मार्टिन राइल यांना मिळाले. कागद वाचणारीचे नाव त्यात नव्हते. तिच्या प्रबंधातही पल्सारांना परिशिष्टातच जागा मिळाली होती. पुढील अनेक वर्षे संसार सांभाळत, पतीच्या बदल्यांमागे गावे बदलत, त्यांनी अर्धवेळ नोकऱ्या केल्या. २०१८ साली त्यांना तीस लाख डॉलरांचा ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला, तेव्हा ती सगळी रक्कम त्यांनी भौतिकशास्त्रात ज्यांची संख्या तोकडी आहे अशा गटांतील संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकली.

दुसरा वाचक ओहायोचा. तेथील विद्यापीठाच्या 'बिग इअर' या रेडिओ दुर्बिणीचे सरकारी अनुदान १९७२ साली थांबले होते. जेरी एहमन यांची तेथील नोकरी गेली. ते दुसरीकडे शिकवू लागले, पण दुर्बिणीचे काम मानधनाविना करीत राहिले. संगणकाने छापलेल्या आकड्यांचे भेंडोळे त्यांच्या घरी येई. १५ ऑगस्ट १९७७ च्या नोंदीत त्यांना आकडे आणि अक्षरे यांची सहा चिन्हांची एक उभी ओळ दिसली. संकेत जितका प्रबळ तितके चिन्ह पुढचे, अशी त्या छपाईची लिपी होती. ती ज्या प्रोग्रॅमातून उतरत होती तो लिहिण्यात एहमन यांचाही हात होता. म्हणूनच ती ओळ त्यांना एका दृष्टिक्षेपात वाचता आली. त्यांनी लाल शाईने तिच्याभोवती रिंगण केले आणि शेजारी 'वॉव!' असा उद्गार लिहिला. ७२ सेकंदांचा तो संकेत पुन्हा कधी मिळाला नाही. १९९८ साली ती दुर्बीण पाडण्यात आली; शेजारच्या गोल्फ मैदानाला विस्तार हवा होता.

या दोन प्रसंगांत आम्हांला एक समान गोष्ट दिसते. दोघांचेही काम वरवर पाहता कंटाळवाणे होते. परंतु त्या कंटाळ्यातच त्यांची शाळा भरत होती. शेकडो फूट साधा कागद पाहिल्याखेरीज अर्धा इंच वेगळा कागद ओळखता येत नाही. अपवाद दिसावयाचा तर नियम डोळ्यांत मुरावा लागतो. काम आणि शिक्षण येथे वेगळे नव्हते.

तिसऱ्या पर्वात हे दोन धागे सुटू लागले. १९९२ च्या ऑक्टोबरात नासाने सुरू केलेला शोधप्रकल्प अमेरिकन काँग्रेसने वर्षभरात बंद पाडला; परग्रहवासीयांवर करदात्यांचा पैसा खर्चणे ही राजकारणात थट्टेची गोष्ट झाली होती. मग खाजगी देणग्या आणि हौशी माणसे पुढे आली. मे १९९९ मध्ये बर्कले येथून 'सेटी अ‍ॅट होम' हा उपक्रम सुरू झाला. अरेसिबोच्या दुर्बिणीने टिपलेल्या नोंदींचे तुकडे इंटरनेटवरून घरोघरच्या संगणकांकडे जात आणि संगणक रिकामा असताना ते तपासून परत पाठवी. पन्नास लाखांहून अधिक माणसे त्यात सामील झाली. हा लोकसहभाग अपूर्व होता, यात शंका नाही. पण या सहभागात माणसाला वाचावयाचे काहीच नव्हते. पडद्यावर रंगीत आलेख हलत आणि मालक चहा पीत असे. २००९ साली अ‍ॅरिझोनातील एका शाळासमूहाच्या संगणक-अधिकाऱ्याला, शाळांच्या संगणकांवर हा प्रोग्रॅम चालवल्याच्या आरोपावरून नोकरी सोडावी लागली. नोकरी, शाळा आणि परग्रह अशी ही विलक्षण गाठ. आणि त्या शाळांतील मुले मात्र त्यातून आकाशाचे एक अक्षर शिकली असतील काय, असा प्रश्न आम्हांला पडतो. मार्च २०२० अखेर या उपक्रमाने नवे काम वाटणे थांबवले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अरेसिबोची दुर्बीण कोसळली.

आजचा टप्पा कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे, आणि तेथेही विद्यार्थीच भेटतात. २०१९ साली ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीने प्रॉक्सिमा सेंटॉरीच्या दिशेने टिपलेला एक चमत्कारिक संकेत पुढच्या वर्षी एका पदवीपूर्व विद्यार्थ्याच्या नजरेस आला. २०२१ मध्ये सविस्तर तपासणीअंती तो मानवी उपकरणांचाच गोंगाट ठरला. २०२३ च्या जानेवारीत टोरोंटो विद्यापीठाचा विद्यार्थी पीटर मा आणि त्याचे सहकारी यांनी ८२० ताऱ्यांच्या जुन्या नोंदी यंत्रशिक्षणाने पुन्हा तपासल्याचे प्रसिद्ध केले. आधीच्या पद्धतींना न सापडलेले आठ संकेत त्यांना मिळाले. दुर्बीण पुन्हा तिकडे वळवली तेव्हा त्यांतला एकही परतला नाही. या कामातील एक तपशील फारसा सांगितला जात नाही. यंत्राने नोंदींचा डोंगर उपसून सुमारे वीस हजार संकेत वेगळे काढले. त्या वीस हजारांतून आठ निवडले ते माणसांनी, एकेक चित्र डोळ्यांनी पाहून.

आजच्या दुर्बिणींचा पसारा कोणत्याही माणसाच्या आयुष्यात वाचून होणार नाही; यंत्र लागणारच. त्याविरुद्ध गाऱ्हाणे मांडण्यात अर्थ नाही. आमची चिंता वेगळी आहे. अखेरचे वीस हजार पाहणारी नजर पुढच्या पिढीत कोठून येणार? बेल यांची नजर पहिल्या चारशे फुटांनी घडवली, आणि नेमके ते चारशे फूटच आता यंत्राकडे गेले आहेत. कार्यालयांत, वृत्तपत्रांत, वकिलांच्या कचेऱ्यांत हेच चालले आहे. उमेदवाराला जे हलके काम दिले जाई ते यंत्राकडे जाते. आणि वरचे, निवाड्याचे काम करावयास अनुभवी माणूस हवा, अशी जाहिरात तेवढी उरते. अनुभव जेथे मिळत असे ती पायरीच काढून घेतल्यावर वर कोण चढणार?

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार करताना जयंत नारळीकरांची आठवण होते. ते २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. मराठी वाचकाला परग्रहाची गोडी 'यक्षांची देणगी' आणि 'प्रेषित' यांसारख्या त्यांच्या पुस्तकांनी लावली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली होती; हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली होती. नाव बाजूला ठेवून मजकूर वाचला जावा, हा आग्रह एका वैज्ञानिकाचा होता. साहित्याच्या वर्गातही तो शोभावा.

कथांइतकेच त्यांचे प्रयोगही या विषयाशी निगडित होते. २००१ आणि २००५ साली हैदराबादहून सोडलेल्या बलूनांनी वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणले. तपासणी हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांत झाली. २००९ साली इस्रोने तीन नव्या जीवाणुजाती मिळाल्याचे जाहीर केले. एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांचे नाव देण्यात आले. मात्र हे जीव पृथ्वीबाहेरून आले हे यावरून सिद्ध होत नाही, असेही तेव्हाच स्पष्ट केले गेले. जेवढे दिसले तेवढेच म्हणणे, ही वाचनाचीही पहिली शिस्त आहे.

नारळीकर मुलांना नुसती स्वाक्षरी देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल, असे सांगत. शिक्षणाविषयीचा हा छोटासा करार आम्हांला मोलाचा वाटतो. आपल्या परीक्षा उत्तराला गुण देतात. येथे प्रश्नाला मोल होते. आज उत्तर देणारे यंत्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. कादंबरी न वाचता तिचा सारांश, कविता न वाचता तिचे रसग्रहण त्याला मिळते, आणि बहुधा ते चुकीचेही नसते. त्यात फक्त तो अर्धा इंच नसतो. तो कोठे असू शकेल हे पाहण्याची सवय नसते.

नारायणगावजवळच्या खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे कान लावून उभ्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही दुर्बीण बेल यांना सापडलेल्या पल्सारांचे ठोके आजही मोजते. तेथे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास अनेक वर्षे प्रदर्शन भरत आले आहे; खेड्यापाड्यांतील शाळांची मुले आपापले प्रयोग मांडतात. त्यांतल्या एखाद्या मुलीला पुढे कागद वाचावयाचा असेल, तर तिच्यासाठी थोडा कागद आपण यंत्रापासून राखून ठेवावयास हवा. तो वाचण्यास वेळ लागेल, बहुतेक वेळा त्यात काही सापडणार नाही, आणि त्या 'नाही'बद्दल तिचे गुण कापले जाऊ नयेत. साहित्याच्या वर्गात एवढे करणे तर आपल्या हातात आहे.