सहा हजारांचा आकडा

दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्यांमधल्या वाटा तुम्ही पाहिल्या असतील. अरुंद, वळणावळणाच्या, आणि सुट्टीत कडेला पाहुण्यांच्या गाड्या. समजा, अंगणातून गाडी मागे घेताना त्यातल्या एकीला तुम्ही ठोकलंत. भरपाई कोण देणार?

चूक बहुधा तुमचीच ठरते. मागे कोणाला धोका नाही याची खात्री करूनच गाडी मागे घ्यायची, हे १९८९च्या वाहतूक नियमावलीत सरळ लिहिलेलं होतं. उभी गाडी भलत्याच जागी लावलेली असेल तर दोष थोडा वाटला जाऊ शकतो, एवढंच.

खरी गंमत पुढे आहे. १९३९च्या मोटार वाहन कायद्याने विमा सक्तीचा केला (ती सक्ती लागू व्हायला १९४६ उजाडलं!), पण तो माणसांच्या मृत्यू-दुखापतीपुरता. पत्रा चेपला तर मालकाने दिवाणी कोर्टात जावं. १९६९च्या दुरुस्तीने मालमत्तेचं नुकसानही आत आलं. मर्यादा २,००० रुपये. १९८२च्या दुरुस्तीने ती ६,००० झाली. १९८८चा नवा कायदा आला, तरी आकडा तोच राहिला.

खासगी गाडीच्या प्रमाण पॉलिसीत ही मर्यादा साडेसात लाख धरलेली असते. पण हप्त्यात किरकोळ सूट घेऊन ती खाली आणायची सोयही त्यात आहे. किती खाली? बरोबर ६,००० रुपयांवर. आजच्या गाडीचा मागचा दिवा आणि बंपर बदलायला तेवढे पुरतील का, ते तुम्हीच गॅरेजवाल्याला विचारा. वरचे पैसे तुमच्या खिशातून. पॉलिसी काढा आणि हा आकडा शोधा.