फुल फ्रेम म्हणजे कशाच्या मानानं फुल?

मागच्या रविवारी सकाळी, पहिला चहा व्हायच्या आत, धाकट्या मावसभावाचा फोन. "दादा, फुल फ्रेम घेऊ की क्रॉप?" कसा आहेस नाही, वहिनी कशी आहे नाही, थेट मुद्दा. नोकरीला लागून दोन वर्षं झालीत, बोनस हातात आलाय आणि जालावरचे पन्नास व्हिडिओ बघून पोराची झोप उडालीये. निम्म्या लोकांनी त्याला पटवलंय की क्रॉप सेन्सर म्हणजे लर्निंग लायसन्स, खरा फोटोग्राफर फुल फ्रेमच घेतो.

मी विचारलं, "पण फोटो कशाचे काढणार तू?"

"ते बघू रे नंतर. आधी सेन्सरचं ठरू दे."

मला हसायला आलं नाही. कारण हाच गाढवपणा मी 2006 साली केलेला आहे, आणि तो मला चांगलाच महागात पडलाय. पैशात नव्हे.

झालं असं. बाबांकडे निकॉनचा एफएम होता. मामानं मस्कतहून आणलेला, वर एकच लेन्स, 50 मिमीची. दर गणपतीला आरती झाली की हॉलमध्ये सतरंजीवर सगळं खटलं दोन रांगांत बसायचं, मधोमध आजी, आणि बाबा समोरच्या भिंतीला पाठ टेकवून फोटो काढायचे. दरवर्षी तीच भिंत, तीच लेन्स, आणि सगळे बरोब्बर मावायचे. 2006 मध्ये मी हौसेनं डिजिटल डी50 घेतला. सोबत 18-55 ची लेन्स आली होती, पण "किट लेन्स म्हणजे प्लास्टिक, खरी लेन्स 50 चीच" असं कुठंतरी वाचून मी ती खोक्यासकट कपाटात टाकली. बाबांची जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर झकास बसत होती. मीटर चालत नव्हतं, फोकस हातानं करायचा. पण ऐट होती.

गणपतीत भिंतीला पाठ टेकवून डोळा लावला, तर दोन्ही बाजूंची माणसं गायब! "सरका, सरका, अजून आत या" असं पंधरा मिनिटं चाललं. बाबा शांतपणे म्हणाले, "माझ्या कॅमेऱ्यात मावायचे रे सगळे." शेवटी आजी कंटाळली. "मी बसून दमले, पोरांचा काढ तू," म्हणून उठून आत गेली. त्यानंतरच्या गणपतीला आजी नव्हती. आमच्या अल्बममध्ये 2005 पर्यंत दर वर्षीच्या फोटोत आजी आहे. 2006 च्या फोटोत नाही, आणि ती तर तेव्हा घरातच होती.

पुढची कित्येक वर्षं मी याचं खापर क्रॉप सेन्सरवर फोडलं. मग 2012 साली हप्त्यांवर फुल फ्रेम घेतला. आणि त्यानंतर, म्हणजे घोडं न्हाल्यावर, हा 'फुल' शब्द नक्की आला कुठून ते शोधत बसलो. आजचा लेख त्याबद्दल.

तर मंडळी, गोष्ट सुरू होते सिनेमापासून. 1890 च्या आसपास एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन हा माणूस हलत्या चित्रांच्या यंत्रावर काम करत होता. ईस्टमनच्या कॅमेऱ्यांची फिल्म 70 मिमी रुंद असे. ती उभी चिरून तिचे दोन पट्टे केले की 35 मिमी. कडेला दातऱ्यांसाठी भोकं पाडली, एका चित्रामागे चार, आणि मधे उरलेल्या जागेत 18 × 24 मिमीचं एक चित्र. हीच सिनेमाची पूर्ण चौकट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जर्मनीतल्या वेट्झलार गावी चला. तिथं लाइट्स नावाची मायक्रोस्कोप बनवणारी कंपनी होती आणि 1911 साली ऑस्कर बार्नाक तिथं नोकरीला लागला. गडी फोटोग्राफीचा शौकीन, पण दम्याचा रुग्ण. त्या काळातला काचेच्या प्लेटांचा बोजड कॅमेरा आणि तिकाटणं घेऊन डोंगर चढणं त्याला झेपेना. त्यानं विचार केला की निगेटिव्ह लहान ठेवू आणि प्रिंट मोठी करू. सिनेमाची फिल्म बाजारात तयार मिळतच होती. ती त्यानं उभी न चालवता आडवी चालवली आणि सिनेमाची दोन चित्रं शेजारी-शेजारी जोडून एक केलं. 18 ची दुप्पट 36. झालं, 24 × 36 मिमी! त्याचा पहिला नमुना पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तयार झाला, पण युद्ध आणि नंतरची मंदी यात घोडं अडलं. 1924 मध्ये धाकट्या अर्न्स्ट लाइट्सनं धोका पत्करायचं ठरवलं आणि 1925 च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत कॅमेरा लोकांसमोर आला. नाव लायका, म्हणजे 'लाइट्स कॅमेरा'चं लघुरूप.

आता गंमत बघा. आज ज्याला आपण 'फुल' म्हणतो त्या या चौकटीला तेव्हाचे लोक काय म्हणत असतील? जर्मनीत नाव पडलं 'क्लाइनबिल्ड', अर्थात लहान चित्र. इंग्रजीत म्हणायचे 'मिनिएचर' कॅमेरा! वृत्तपत्रांच्या फोटोग्राफर लोकांच्या हातात तेव्हा आणि पुढेही बरीच वर्षं 4 × 5 इंचांची निगेटिव्ह वापरणारा स्पीड ग्राफिक असायचा. मुंबईत जे. जे. मध्ये शिकलेल्या आणि पुढे दिल्लीत देशाचं स्वातंत्र्य टिपणाऱ्या होमाई व्यारावाला यांच्याही खांद्यावर तो असे. त्या निगेटिव्हचं क्षेत्रफळ लायकाच्या जवळपास 15 पट. म्हणजे आज ज्या नजरेनं फुल फ्रेमवाले क्रॉपवाल्यांकडे बघतात, त्याहून कितीतरी तुच्छतेनं लायकाकडे बघायला त्यांना जागा होती.

पण खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यानं जे काम होतं, ते खांद्यावरच्या ठोकळ्यानं होत नाही. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ आयुष्यभर मुख्यतः लायका आणि 50 मिमीची लेन्स घेऊन हिंडला. 30 जानेवारी 1948 ला, गांधीजींच्या हत्येच्या काही वेळच आधी, तो त्यांना भेटला होता. त्यानंतरची दिल्ली आणि अंत्ययात्रेची गर्दी त्यानं याच 'लहान' चौकटीत पकडली. गर्दीत शिरायचं तर कॅमेरा लहानच हवा.

हळूहळू लहान चौकट सर्वमान्य झाली, इतकी की तीच मोजमापाची पट्टी ठरली. 1959 मध्ये ऑलिम्पसनं पेन नावाचा चिमुकला कॅमेरा काढला. एका रोलवर 36 ऐवजी 72 फोटो, कारण चौकट 18 × 24 मिमी. तिला सगळे म्हणायला लागले 'हाफ फ्रेम'. लक्षात आलं का? हीच ती डिक्सनची चौकट. सिनेमावाल्यांची पूर्ण, ती फोटोवाल्यांची अर्धी. चौकट तीच, मोजणारा बदलला.

आता डिजिटल. 1991 साली कोडॅकनं निकॉन एफ3 च्या मागे 1.3 मेगापिक्सेलचा सेन्सर बसवून डीसीएस विकायला काढला. डिस्क असलेलं खोकं वेगळं, खांद्याला लटकवायचं. सेन्सर होता 35 मिमीच्या चौकटीहून लहान. का? सिलिकॉनची चिप बनवताना एका वेळी साधारण 26 × 33 मिमी एवढ्याच भागावर नक्षी उमटवता येते. 36 मिमी रुंद सेन्सर करायचा तर तुकडे जोडावे लागतात. शिवाय एका चकतीतून मोठे सेन्सर कमी निघतात, आणि चकतीवर दहा ठिकाणी डाग असले तर लहान सेन्सर दहा वाया जातात, मोठ्यांची मात्र बरीचशी चकती बाद व्हायची. त्यामुळे सेन्सर लहान ठेवणं ही मजबुरी होती. 1999 च्या निकॉन डी1 चा सेन्सर होता 23.7 × 15.6 मिमी. या मापाला नाव मिळालं एपीएस-सी, 1996 साली आलेल्या एपीएस नावाच्या फिल्मवरून. ती फिल्म 2011 मध्ये बंद पडली. नाव मात्र अजून नांदतंय, जुन्या कोडमधल्या व्हेरिएबलच्या नावासारखं.

बरं, सेन्सर लहान होता तर त्याच्या मापाच्या नव्या लेन्स काढायच्या ना? इथंच आपल्या धंद्यातला जुना रोग आडवा आला, बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी. निकॉनचा माउंट 1959 चा, कॅननचा ईएफ 1987 चा. लोकांच्या कपाटात लाखो लेन्स पडलेल्या. त्या चालल्या नाहीत तर नवा कॅमेरा कोण घेणार? मग जुनी लेन्स लहान सेन्सरवर लावली की कडा कापल्या जाणार, म्हणून 'क्रॉप'. कितीनं? निकॉनवर 1.5, कॅननवर 1.6. हे आकडे जुन्या लेन्सवाल्यांना नवा कॅमेरा समजावा म्हणून काढलेले रूपांतराचे कोष्टक होते. 2002 मध्ये कॉन्टॅक्स आणि मग कॅनन 1डीएस अशी पूर्ण चौकटीची डिजिटल यंत्रं आली. 1डीएसची किंमत तब्बल 8,000 डॉलर. 2005 मध्ये कॅनन 5डी आला 3,300 डॉलरच्या आसपास, 2007 मध्ये निकॉन डी3. आणि मग 'फुल फ्रेम' हा शब्द जाहिरातवाल्यांच्या हाती सापडला. 'क्रॉप' म्हटलं की काहीतरी कापलंय, आपल्याला कमी मिळालंय असं वाटतंच. पण क्रॉप सेन्सर म्हणजे जवळपास डिक्सनची सिनेमाची चौकट आहे, बार्नाकच्या 'फुल'हून वयानं मोठी!

मग फरक काहीच नाही का? आहे, आणि तो क्षेत्रफळात आहे. फुल फ्रेम 864 चौरस मिमी, एपीएस-सी साधारण 367. म्हणजे तेवढ्याच दृश्याला, त्याच एफ-नंबरला, सव्वादोन पटींहून जास्त प्रकाश जमा होतो. स्टॉपच्या भाषेत सव्वा स्टॉप. बाकी सगळा हिशोब इथून निघतो.

लग्नाचे हॉल, नाटक, मैफल, जिथं उजेड कमी आणि फ्लॅश चालत नाही, तिथं हा सव्वा स्टॉप खरोखर कामाचा. पोर्ट्रेटमध्ये पार्श्वभूमी विरघळवायची तरी फुल फ्रेमला सोपं जातं. फुल फ्रेमवर 85 मिमी एफ/1.8 जे करते, त्यासाठी क्रॉपवर साधारण 56 मिमी एफ/1.2 लागते. निसर्गदृश्यं, तिकाटण्यावर, कमी आयएसओला? प्रिंट भिंतीएवढी करणार नसाल तर दोन्ही सारखेच. फुलं आणि किडे जवळून टिपताना तर खोली कमी पडते, तिथं लहान सेन्सरचं वाईट वाटायचं कारणच नाही.

पक्षी हा आवडता वाद. क्रॉपवर 300 ची लेन्स 450 ची "होते" म्हणतात. होत नाही हो, लेन्स 300 चीच राहते, फक्त दृश्याचा कोन 450 इतका अरुंद होतो. 24 मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवरचा फोटो तेवढाच कापला तर हातात साधारण 10 मेगापिक्सेल उरतात, आणि 24 मेगापिक्सेलच्या क्रॉप कॅमेऱ्यात मात्र सगळे 24 पक्ष्यावर खर्ची पडतात. पैसे मोजून 45 मेगापिक्सेलचा फुल फ्रेम घेतला तर कापूनही 19-20 उरतात. म्हणजे भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्याला क्रॉप हा बऱ्याचदा शहाणपणाचा सौदा. आणि ट्रेकवाल्यांनी बार्नाकचा दमा आठवावा. माझा फुल फ्रेम आणि त्याची धोंड्यासारखी लेन्स हरिश्चंद्रगडावर एकदाच गेली. पुढच्या वेळी कपाटातच राहिली.

आणि सगळ्यात मोठं उत्तर अजून मोठ्या सेन्सरचं आहे. फुजीनं 2017 मध्ये 43.8 × 32.9 मिमी सेन्सरचा जीएफएक्स विकायला आणला. त्याच्या मानानं आपला 'फुल' फ्रेम क्रॉपच की. याच फुजीनं फुल फ्रेमला हात न लावता त्याच्या खालचा एपीएस-सी आणि वरचा जीएफएक्स ठेवलाय.

आता तो गणपतीचा हिशोब. हा मी करायला हवा होता 2006 मध्येच, कागदावर, दोन मिनिटांत. आमच्या हॉलमध्ये भिंतीपासून सतरंजीपर्यंत अंतर 10 फूट. फिल्मवर 50 मिमीनं तिथं 7.2 फूट रुंदी दिसते, म्हणून बाबांच्या फोटोत सगळे मावायचे. माझ्या कॅमेऱ्यावर तीच लेन्स दाखवते 4.7 फूट. आणि कपाटातली ती प्लास्टिकची 18-55? 18 ला 13 फूट. अख्खं खानदान बसलं असतं, वर मखर आणि आजीची खुर्चीसुद्धा. फुल फ्रेम लागणारच नव्हता. उठून कपाट उघडायला हवं होतं.

असो. मावसभावाला संध्याकाळी उलटा फोन केला. म्हटलं, सेन्सर सोड, तुमच्या हॉलची लांबी मोज, मावशीला कुठं बसवणार ते ठरव, आणि वर्षातून किती वेळा पक्ष्यांमागे जाणार ते खरं खरं सांग. मग बोलू.

थोड्या वेळानं मेसेज आला. "11 फूट. पक्षी शून्य वेळा. आईला सोफ्यावर."