उंदीर पडू लागले तेव्हा

प्लेगच्या काळातील मराठी आत्मचरित्रे वर्गात शिकवताना 'उंदीर पडणे' या वाक्प्रयोगापाशी आम्हांला हटकून थांबावे लागते. पडणे म्हणजे मरणे. शेतकऱ्याचा बैल पडतो, रणात शिपाई पडतो, तसा उंदीर पडतो. आमच्यापैकी एकाचे मत असे, की येथे शब्दशः पडणेही अभिप्रेत असावे : कौलारू घराच्या आढ्यावर वावरणारा काळा उंदीर रोगाने ग्लानी येऊन खाली जमिनीवर कोसळे. व्युत्पत्तीचा हा वाद मिटणारा नाही. मात्र घरात उंदीर पडला, की लोक दाराला कुलूप लावून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जात, हे निर्विवाद आहे.

हे शहाणपण सरकारदरबारी नव्हते. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, बंदरालगतच्या धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. रोगाचा जंतू त्यापूर्वी दोनच वर्षे, १८९४मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कोडे सुटलेले नव्हते. घाण, कोंदट हवा आणि रोग्याचा संसर्ग यांवरच अधिकाऱ्यांचा रोख होता. त्यामुळे गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडले गेले, भिंतींना चुना फासला गेला, ऊन आत यावे म्हणून कौले उतरवली गेली. रोगी इस्पितळात आणि त्याचे निरोगी आप्त विलगीकरणाच्या छावणीत, असा शिरस्ता पडला. १८९७मध्ये पुण्यात गोरे सोजीर माजघरात शिरले. २२ जून रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. हा भाग आपण सारे शिकलो आणि शिकवतो. सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या, हेही आता पाठ्यपुस्तकात आले आहे. या इतिहासात उंदराला मात्र आपण फारशी जागा दिलेली नाही.

ती देणारा माणूस फ्रेंच होता. पॉल-लुई सिमाँ हा पाश्चर संस्थेचा वैद्य १८९८मध्ये कराचीत होता. रोग्यांच्या पायांवर कधीकधी बारीक फोड दिसतो आणि तो पिसवेच्या चाव्यासारखा आहे, असे त्याच्या ध्यानात आले होते. प्लेगच्या एका घरातला आजारी उंदीर त्याने काचेच्या मोठ्या बरणीत ठेवला आणि त्याच्या अंगावर पिसवा पुरेशा राहतील अशी तजवीज केली. तो मरणपंथाला लागल्यावर बरणीत जाळीच्या पिंजऱ्यातून एक निरोगी उंदीर सोडला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते. पिसूला मात्र उडी मारणे शक्य होते. काही दिवसांत दुसराही प्लेगने मेला. प्रयोग एवढाच. सिमाँने तो त्याच वर्षी प्रसिद्ध केला आणि विद्वानांनी कित्येक वर्षे त्याची हेटाळणी केली. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर उंदराच्या पिसवा गोळा केल्या, आणि १९०५नंतर परळच्या प्रयोगशाळेतील संशोधनाने शंकेला जागा उरली नाही.

उंदीर मेला की त्याचे शरीर थंड पडते आणि उपाशी पिसवा दुसरे ऊबदार अंग शोधू लागतात. म्हणजे उंदीर पडल्यावर घर सोडणे ही भाबडी समजूत नव्हती. कार्बोलिकच्या पिंपापेक्षा तिच्यात शास्त्र अधिक होते. धुतलेल्या गटारातला उंदीर तर पलीकडच्या घरात जात असे. अर्थात, या लोकज्ञानाचे देव्हारे माजवण्याचेही कारण नाही. गाठोड्यातल्या गोधड्यांबरोबर पिसवाही प्रवास करीत, आणि गिरणीतल्या मजुराला शेतात झोपडी बांधायला शेत कुठले?

आमच्या विभागात मध्यंतरी पुस्तकांच्या कपाटामागे उंदीर मेला. शिपाईमामांनी तो शेपटीला धरून उचलला आणि आम्ही नाकाला रुमाल लावून पाहत राहिलो. प्लेगवर तासभर बोलणाऱ्या आम्हां प्राध्यापकांना त्यांना थांबवणे सुचले नाही. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये, हातमोजे घालून, जंतुनाशक शिंपडून पिशवीत बांधावा; लेंड्या कोरड्या झाडू नयेत, आधी ओल्या कराव्यात. उंदराच्या मुतातून लेप्टो पसरतो, हे मुंबईने २६ जुलै २००५च्या पुरानंतर अनुभवले आहे. घरात विषारी मलम लावणे किंवा धान्याच्या कोठीसाठीच्या गोळ्या झोपायच्या खोलीत ठेवणे हा तर उंदरापेक्षा मोठा धोका. त्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फीन वायू माणूस आणि उंदीर यांत भेद करीत नाही. बिळे बुजवणे, अन्न झाकणे, सापळा लावणे हे रटाळ उपायच खरे. आणि प्लेगची शंका असलेल्या जागी आधी पिसवा मारायच्या, मग उंदीर. हा क्रम उलटला तर पिसवा आपल्याच अंगावर येतात.

ऑगस्ट १९९४मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या तापाचे रुग्ण आढळले. त्याआधी गावकऱ्यांनी दोन गोष्टी पाहिल्या होत्या : घरांत पिसवांचा उपद्रव वाढला होता, आणि उंदीर पडू लागले होते. साथरोगांच्या इंग्रजी अहवालांत या दुसऱ्या गोष्टीला 'रॅट फॉल' म्हणतात.